फेब्रुवारी संपल्यावर काय? कृष्णवर्णीयांचे उद्योग आणि संस्था यांना वर्षभर साथ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अटलांटाच्या एका उपनगरात राहते. दर फेब्रुवारीत आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी कृष्णवर्णीय मालकांच्या दुकानांची यादी टाकतं. पंधरा-वीस अंगठे उमटतात, आणि मार्चमध्ये पाडव्याच्या शुभेच्छांखाली ती यादी गाडली जाते. त्या यादीवरून मला फोनवर, गाडीत, हळदीकुंकवात जे प्रश्न विचारले गेले त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. काही प्रश्न अवघड होते, तेही गाळलेले नाहीत.

फेब्रुवारीचं एवढं काय आहे?

इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा एक सप्ताह सुरू केला. राष्ट्राध्यक्ष लिंकन आणि गुलामीतून निसटून गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस या दोघांचे वाढदिवस फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात साजरे होत, म्हणून तो आठवडा निवडला. १९७६ मध्ये सप्ताहाचा महिना झाला. शाळांत हा इतिहास शिकवला जावा ही वुडसन यांची धडपड होती. दुकानांतले फलक आणि सवलती फार नंतर आल्या.

दुकानाचं भाडं मात्र बारा महिने द्यावं लागतं. मे २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाची पोलिसाच्या हातून हत्या झाली आणि जूनमध्ये देशभरातल्या कृष्णवर्णीय पुस्तकविक्रेत्यांकडे ऑर्डरींचा पूर आला. मीही तेव्हा एका छोट्या दुकानातून पाच पुस्तकं मागवली. त्यानंतर त्या दुकानात गेले ती थेट पुढच्या फेब्रुवारीत. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘जूनमध्ये मी दोन माणसं जास्तीची घेतली होती. ऑक्टोबरात त्यांना घरी पाठवावं लागलं.’’ ते वाक्य मला लागलं ते आजतागायत. सणाचं गिऱ्हाईक आणि रोजचं गिऱ्हाईक यातला फरक आपल्याला माहीत असतो. वाण्याचं दुकान रोजच्या गिऱ्हाइकावर चालतं.

आपण मराठी माणसांनी यात का पडायचं?

आपण इथे आलोच मुळी त्यांच्या लढ्यामुळे. १९६५ पर्यंत भारतातून अमेरिकेत स्थायिक व्हायला वर्षाला जेमतेम शंभर जणांचा कोटा होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि ऑगस्ट १९६५ चा मतदान हक्क कायदा झाल्यावर, वंश बघून माणसं आत घेणारा हा कोटा टिकणं अशक्य झालं. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. मतदानाच्या हक्कासाठी अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर लाठ्या खाल्ल्या त्यांनी, दार उघडलं आपल्यालाही.

नातं त्याहून जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं तेव्हा ते अर्पण केलं गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ज्या काळात पुण्याहून मुंबईला जाणं हाच प्रवास होता, तेव्हा या माणसाची नजर तिथवर पोचलेली होती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या अगदी शेजारी. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं, आणि अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती किती मिळतीजुळती आहे ते सांगितलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावसुद्धा ऑकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतलेलं.

आपण शून्यातून वर आलो. मग त्यांना का जमत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो, बहुतेक वेळा आवाज खाली आणून. म्हणून उत्तर जरा लांब देते.

पहिली गोष्ट, आपण शून्यातून आलो नाही. आपल्यातले बहुतेक जण पदवी घेऊन, व्हिसाच्या चाळणीतून निवडून आलेले आहेत.

दुसरी गोष्ट भांडवलाची. आपल्याकडे धंदा सुरू करताना घरातल्या पाटल्या गहाण पडतात, अमेरिकेत घर गहाण पडतं. आता घराचंच काय झालं ते बघा. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात रंगवून ‘धोक्याच्या’ ठरवल्या. तिथल्या घरांना कर्ज मिळेना, किमती वाढेनात. म्हणजे धंद्यासाठी तारण ठेवायला हातात काही नाही, आणि मुलांना मागे ठेवायलाही नाही.

बचत केली नाही म्हणावं, तर तीही केली होती. यादवी युद्ध संपत असताना, मार्च १८६५ मध्ये, मुक्त झालेल्या गुलामांसाठी फ्रीडमन्स बँक निघाली. लोकांनी नाणं-नाणं करून पैसे ठेवले. व्यवस्थापकांनी ते भलत्या कर्जांत घातले. १८७४ मध्ये बँक बुडाली तेव्हा ६१ हजारांहून अधिक ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले होते. शेवटच्या काही महिन्यांसाठी डग्लस यांना अध्यक्षपदी आणून बसवलं होतं. त्यांनी स्वतःचे १० हजार डॉलर घातले, तरी ती वाचली नाही. ज्या घरातल्या खापरपणजीचे पैसे असे गेले, त्या घरात बँकेबद्दल काय बोललं जात असेल?

तरीही धंदे उभे राहिले. ओक्लाहोमात टल्सा गावच्या ग्रीनवुड भागात हॉटेलं, दवाखाने, वर्तमानपत्रं, नाट्यगृह सगळं होतं. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने सुमारे ३५ चौकांची ती वस्ती जाळली. विमा कंपन्यांनी ‘दंगलीचं नुकसान’ म्हणून दावे नाकारले. आमच्या अटलांटात ऑबर्न ॲव्हेन्यू आहे, ‘स्वीट ऑबर्न’ म्हणतात तिला. अलोन्झो हर्नडन हा गुलामगिरीत जन्मलेला माणूस न्हावीकाम करत मोठा झाला आणि १९०५ मध्ये त्याने विमा कंपनी काढली. ती याच रस्त्यावर वाढली. पुढे शहरातून महामार्ग न्यायची वेळ आली तेव्हा तो नेमका या पेठेच्या मधून नेला. आजही त्या पुलाखालून चालताना बाजार कुठे तुटला ते दिसतं.

२०२१ च्या जनगणना विभागाच्या आकड्यांनुसार, नोकर ठेवणाऱ्या उद्योगांपैकी कृष्णवर्णीय मालकांचे उद्योग तीन टक्क्यांहून कमी होते. लोकसंख्येत हा समाज तेरा-चौदा टक्के आहे. मधल्या अंतराचं कारण आळस असतं, तर वरची जाळपोळ कुणाला करावी लागली नसती.

घरात आपण त्यांना ‘काळे’ म्हणतो. यात काय वाईट?

शब्दापेक्षा तो कुठल्या सुरात म्हटला जातो ते आपल्या मुलांना बरोबर कळतं. मराठीत ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकन अमेरिकन’ म्हणा. बोलताना ‘ब्लॅक’ म्हटलं तरी चालतं, ते स्वतःही म्हणतात. ‘काळ्या’ हा शब्द दुकानात मराठीत कुजबुजू नका. समोरच्याला शब्द कळत नसला तरी नजर कळते.

दुकान कुणाचं आहे हे ओळखायचं कसं?

गल्ल्यावर कोण बसलंय त्यावरून ठरवू नका, आणि मालकाला ‘तुम्ही ब्लॅक आहात ना?’ असंही विचारू नका. बहुतेक जण आपली ओळख संकेतस्थळावर स्वतःहून सांगतात. शहरोशहरी कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांचे चेंबर आहेत, त्यांच्या सभासदांची यादी बघता येते. कंपनीसाठी पुरवठादार शोधत असाल तर १९७२ पासून काम करणारी नॅशनल मायनॉरिटी सप्लायर डेव्हलपमेंट कौन्सिल ही संस्था, अल्पसंख्याकांची निदान ५१ टक्के मालकी आणि प्रत्यक्ष कारभार तपासून दाखला देते. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मिळणारी माहिती मात्र सगळ्यांत खरी. मला माझा मेकॅनिक चर्चमध्ये जाणाऱ्या एका सहकारिणीने सांगितला.

आम्ही शाकाहारी. त्यांच्याकडे जाऊन खायचं काय?

भेंडी! भेंडी या देशात आफ्रिकेतून आलेल्या माणसांबरोबर आली. चवळीही तशीच. भाज्या कधीकधी मांसाच्या रसात शिजवतात, तेवढं आधी विचारा. अटलांटात शुद्ध शाकाहारी, दूध-लोणीही न वापरणारी कृष्णवर्णीयांची खानावळ शोधायला फार फिरावं लागत नाही.

पण माझं म्हणणं आहे की जेवणावरून नजर जरा बाजूला घ्या. वर्षातून दोनदा बाहेर जेवण्याने कुणाचं फारसं भलं होत नाही. आपला खरा पैसा जातो कर-हिशेबनिसाकडे, दंतवैद्याकडे, घरं विकणाऱ्या एजंटाकडे, गाडीच्या दुरुस्तीत, नळदुरुस्तीत, घराच्या छपरावर. मंडळाचं बघा: प्रसाद आणि महाप्रसाद आपलेच आचारी करतील, ते ठीकच आहे. पण ध्वनियंत्रणा, मांडव, छपाई, टी-शर्ट, फोटो, व्हिडिओ ही कामं दर वर्षी निघतात. त्यातलं एक काम एका कृष्णवर्णीय व्यावसायिकाला तीन वर्षांसाठी द्या. तीन वर्षांचं काम हातात असलं की माणूस नवं यंत्र घेण्याचं धाडस करतो.

आणि पैसे वेळेवर द्या. छोट्या धंद्याला साठ दिवस थांबवणं म्हणजे त्याच्याकडून बिनव्याजी कर्ज घेणं. मंडळाच्या खजिनदारांनी हे जरूर वाचावं.

माल महाग असला, किंवा काम नीट झालं नाही, तर?

छोटं दुकान मोठ्या साखळीच्या भावात विकू शकत नाही. परवडत असेल तेच घ्या, पण ‘पाठिंबा द्यायला आलोय’ म्हणून वर सवलत मागू नका. काम बिघडलं तर मालकाला आधी सांगा, जसं कुणालाही सांगाल. एका वाईट अनुभवावरून सगळ्या समाजाबद्दल मत बनवणं तेवढं टाळा. आपला एखादा मराठी सुतार फसवतो तेव्हा आपण मराठी सुतारच सोडून देतो का?

वंश बघून दुकान निवडणं हाही भेदभावच नाही का?

गिऱ्हाईक म्हणून कुठे जायचं हे तुमच्या मर्जीवर आहे. आपण मराठी माणसाच्या दुकानातून चितळ्यांची बाकरवडी आणायला चाळीस मैल गाडी हाकतो, ती कुणाच्या द्वेषाने नव्हे. १९३० च्या दशकात शिकागो आणि हार्लेममध्ये ‘जिथे नोकरी मिळत नाही तिथे खरेदी करू नका’ अशी मोहीम झाली होती, तीही गिऱ्हाइकाच्या याच ताकदीवर.

करार आणि अनुदान यांचे नियम वेगळे आहेत. अटलांटातल्या फिअरलेस फंडाने कृष्णवर्णीय उद्योजक स्त्रियांसाठी २० हजार डॉलरची अनुदानं ठेवली होती. २०२३ मध्ये त्यावर खटला झाला, आणि आधार घेतला गेला १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याचा. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने अनुदानावर बंदी घातली, सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती योजना बंद पडली. मला याचं फार वाईट वाटलं. मंडळातर्फे अनुदान किंवा शिष्यवृत्ती काढायची असेल तर अटी लिहिण्याआधी वकिलाला दाखवा.

आवडता ब्रँड मोठ्या कंपनीने विकत घेतला, आता?

केसांची आणि त्वचेची उत्पादनं विकणारा शिया मॉइश्चर हा ब्रँड बनवणारी कंपनी २०१७ मध्ये युनिलिव्हरकडे गेली. संस्थापकाला कष्टाचं फळ मिळालं, त्यात वावगं काहीच नाही. तुमचा डॉलर मात्र आता दुसरीकडे जातो. पुढची बाटली एखाद्या नव्या उद्योजकाकडून घ्या.

खरेदीशिवाय दुसरं काय करता येईल?

बँक बदला, निदान एक खातं तरी कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या बँकेत न्या. १९२१ मध्ये सुरू झालेली सिटिझन्स ट्रस्ट बँक इथे अटलांटात आहे. वॉशिंग्टनमध्ये इंडस्ट्रियल बँक, न्यू ऑर्लिन्समध्ये लिबर्टी बँक, बॉस्टनमध्ये वनयुनायटेड. फ्रीडमन्स बँकेच्या वेळी नव्हता तो विमा आता आहे: सरकारी ठेव विम्याखाली प्रत्येक ठेवीदाराचे अडीच लाख डॉलरपर्यंतचे पैसे सुरक्षित असतात. ठेव तुमचीच राहते, पण तिच्यातून त्याच वस्तीतल्या केशकर्तनालयाला, पाळणाघराला कर्ज मिळतं. मला हा उपाय सगळ्यांत जास्त पटतो, कारण एकदा केला की तो बारा महिने आपोआप चालतो.

जाता जाता सांगते: कॅरिबियन आणि पश्चिम आफ्रिकी कुटुंबांत ‘सूसू’ चालते. दहा-बारा जणींनी दरमहा ठरावीक रक्कम काढायची, दर महिन्याला एकीला सगळी रक्कम. आपली भिशीच! माझ्या ऑफिसातल्या त्रिनिदादच्या एका बाईंनी हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी अर्धा तास फक्त भिशीत नंबर लावण्यावर बोलत होतो.

शेतकऱ्यांचं काय? ते या यादीत कधी दिसत नाहीत.

हा प्रश्न एकदाच विचारला गेला, विदर्भातल्या एका काकांकडून, आणि तो माझा सगळ्यांत आवडता प्रश्न आहे.

१९२० मध्ये अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज ते पन्नास हजारांच्याही आत आहेत. जमीन गेली ती कर्ज नाकारल्यामुळे, वारसाहक्काच्या कागदांतल्या गोंधळामुळे आणि दहशतीने. सरकारी कृषी खात्याने कर्जात भेदभाव केल्याचा खटला शेतकऱ्यांनी लढवला, १९९९ मध्ये त्यात समझोता झाला.

आमच्या जॉर्जियातली गोष्ट ऐका. १९६९ मध्ये नागरी हक्क चळवळीतल्या काही जणांनी आल्बनीजवळ ‘न्यू कम्युनिटीज’ नावाने पाच हजार सातशे एकरांहून अधिक जमीन घेतली. चार्ल्स आणि शर्ली शेरॉड हे दांपत्य त्यात आघाडीवर होतं. मतदानाला नाव नोंदवलं म्हणून जमीनमालक कुळांना हाकलून देत, त्यांच्यासाठी कुणी एकाच्या मालकीची नसलेली, सगळ्यांनी मिळून कसायची जमीन हवी होती. ही कल्पना घडताना त्यांच्यासमोर जे नमुने होते त्यांत एक होता भारतातलं ग्रामदान. म्हणजे आपले विनोबा! पवनारच्या आश्रमातून निघालेला विचार जॉर्जियाच्या तांबड्या मातीत जाऊन रुजला. काकांना हे सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ नुसती शांतता होती.

ती जमीन टिकली नाही. दुष्काळात तातडीचं कर्ज वेळेवर मिळालं नाही आणि १९८५ मध्ये सगळी जमीन गेली. पण २००९ मध्ये त्या खटल्यात त्यांना १ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली आणि तिच्यातून त्यांनी आल्बनीजवळच सोळाशे एकरांहून मोठी जुनी मळ्याची जागा घेतली, जी पूर्वी गुलाम राबवणाऱ्या एका बड्या मालकाची होती. तिथे आता पेकनची, म्हणजे अक्रोडासारख्या सुक्यामेव्याची, झाडं आहेत.

तर दिवाळीच्या फराळाचा सुकामेवा आणताना पेकन कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे शोधा. पेकनची वडी काजूकतलीइतकी सुबक पडत नाही, पण चवीला उजवी. उन्हाळ्यात आठवड्याच्या भाजीपेटीची वर्गणी भरा. हंगामाआधी पैसे दिलेत तर बियाण्यासाठी कर्ज काढावं लागत नाही. १९६७ पासून या शेतकऱ्यांना सहकारी संस्थांत बांधणारी फेडरेशन ऑफ सदर्न कोऑपरेटिव्ह्ज अटलांटाच्या शेजारी ईस्ट पॉइंटला आहे. सहकार काय असतो हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

देणगी द्यायची तर कुठे आणि कशी?

दरमहा द्या, थोडी द्या, आणि ‘अमुकच कामासाठी’ अशी अट घालू नका. वीजबिल भरायला कुणी देणगी देत नाही, पण वीज गेली की शिकवणीवर्ग बंद पडतो. आधी संस्थेला ५०१-सी-३, म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा, दर्जा आहे का ते करखात्याच्या संकेतस्थळावर बघा, वार्षिक विवरणपत्र वाचा. तुमची कंपनी तुमच्या देणगीइतकीच भर घालते का तेही विचारा. आपल्यातले कितीतरी जण ते पैसे दर वर्षी तसेच सोडून देतात.

मोठ्या संस्थांत नागरी हक्कांसाठी लढणारी १९०९ ची एनएएसीपी आहे, न्यायव्यवस्थेतल्या अन्यायाविरुद्ध लढणारी अलाबामातल्या माँटगोमेरीची इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह आहे, शिष्यवृत्त्यांसाठी १९४४ चा युनायटेड निग्रो कॉलेज फंड आहे. अटलांटातच स्पेलमन आणि मोरहाउस ही कॉलेजं आहेत. माझा कल मात्र वस्तीतल्या लहान संस्थांकडे आहे: अन्नपेढी, अभ्यासिका, बाळंतिणींना मदत करणारे गट. बसमध्ये कृष्णवर्णीयांना वेगळं बसवण्याविरुद्ध १९५५-५६ मध्ये झालेला माँटगोमेरीचा बस बहिष्कार ३८१ दिवस चालला. त्या वेळी जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाईंनी मैत्रिणींना जमवून घरोघरी केक, पाय, तळलेली कोंबडी विकली आणि ते पैसे बहिष्काराच्या गाड्यांच्या पेट्रोलला दिले. कुणाची नोकरी जाऊ नये म्हणून गटाचं नाव ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. असे गट आजही आहेत. त्यांचे फलक नसतात, शोधावे लागतात.

मी एच-१बी वर आहे. स्वयंसेवक म्हणून काम केलं तर चालतं?

धर्मादाय संस्थेत, जे काम एरवीही स्वयंसेवकच करतात ते करायला हरकत नसते. नफ्यासाठी चालणाऱ्या दुकानात फुकट काम केलंत तर ती नोकरी धरली जाऊ शकते. शंका असेल तर तुमच्या वकिलाला विचारा. आणि तिथे गेल्यावर जे सांगतील ते करा, खोकी उचला म्हणाले तर खोकी उचला. पहिल्याच दिवशी त्यांना नवीन सॉफ्टवेअर सुचवू नका.

मी पुण्यात राहतो. माझा याच्याशी काय संबंध?

अमेरिकेतल्या नातेवाइकांना हे पान पाठवा. आणि दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री २००५ मध्ये तुमच्याच पुण्यात स्थापन झाली, तिचे सभासद काय बनवतात ते एकदा बघा.

तुम्ही स्वतः काय करता?

गाडी त्याच मेकॅनिककडे, सात वर्षं झाली. मुलाचे केस कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडून कापून घेते. मुलगा त्याच्याशी बास्केटबॉलवर जे बोलतो ते आमच्याशी बोलत नाही. एक बचत खातं हलवलं, दुसऱ्याचे कागद अजून टेबलावर आहेत. दरमहा पंचवीस डॉलर एका अभ्यासिकेला. पुस्तकं त्याच बाईंच्या दुकानातून, आता मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्येही. गेल्या खेपेला त्यांनी मला न विचारता एक पुस्तक माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं.